मी न वाचलेला परिच्छेद

बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. हजारो शब्द फळ्यावर लिहिले आणि पुसले. त्यातला एक शब्द मला कधीच नीट शिकवता आला नाही, आणि गंमत म्हणजे तो काही अवघड नव्हता. फ्रँक. आठवीच्या पुस्तकात तो एका धड्याच्या तळाशी कठीण शब्दांत यायचा. दरवर्षी यायचा, आणि दरवर्षी मी त्याच्यापुढे लिहायचो: मनमोकळा, निष्कपट, स्पष्ट बोलणारा. मुलं उतरवून घ्यायची. घंटा व्हायची. मी डस्टर खाली ठेवायचो आणि हात झटकायचो.

तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरीच होता. मी तारकर्लीच्या बाजूच्या एका वाडीत राहायचो आणि मालवणच्या शाळेत रोज दीड कोस चालत जायचो. वाळूतून चालणं काय असतं ते चालणाऱ्यालाच ठाऊक. एक पाऊल पुढे टाकावं तर अर्धं मागे येतं. शाळेत पोचेपर्यंत निम्मा मास्तर वाटेतच संपलेला असायचा, आणि उरलेल्या निम्म्याने सात तास ओढायचे.

एकदा एका पोराने मला अडवलं. म्हणाला, "मास्तरानू, फ्रँक म्हंजे फटकळ?" वर्ग हसला. त्यांना वाटलं, आमच्या बंदरावरच्या मासे विकणाऱ्या बायांबद्दलच मी सांगतो आहे. त्या दिवशी जरा तरतरीत होतो म्हणून म्हणालो, "नव्हे रे. दुसऱ्याच्या भल्यासाठी जो खरं सांगतो तो फ्रँक. स्वतःच्या जिभेची खाज भागवायला सांगतो तो फटकळ." स्वतःच्या या व्याख्येवर मी इतका खूश झालो की पुढची काही वर्षं तीच सांगत राहिलो.

शब्दाचा खरा वापर मात्र भलताच चाले. चतुर्थीला मुंबईहून चाकरमानी आले की पँटच्या खिशात हात घालून बोलायचे, "फ्रँकली सांगायचं तर मास्तर, साहेब माझ्याशिवाय पानसुद्धा हलवत नाही." ज्या वाक्याच्या सुरुवातीला फ्रँकली येई, ते वाक्य हमखास थाप असे. तपासणीला येणारे साहेब खुर्चीत रेलून विचारायचे, "बी फ्रँक, किती मुलं पास होतील?" आणि मी फ्रँकपणे खरा आकडा सांगितला की त्यांचा चेहरा पडायचा. त्यांना फ्रँक आकडा नको असे, बरा आकडा हवा असे.

आणि आमचं स्वतःचं काय? मालवणी माणूस मोठा तोंडाळ, असं सगळे म्हणतात. खरंच आहे. बांध कोरला म्हणून, परसात माडाची झावळ पडली म्हणून आम्ही एकमेकांचे पूर्वज उद्धरू. पण जिथे खरं बोलायची वेळ येते तिथे आमची दातखीळ बसते. आपलं ठेवावं झाकून. झाकली मूठ सव्वा लाखाची. आमच्यात बांगडी फुटत नाही, वाढते. घरातून निघताना 'जातंय' म्हटलं की म्हातारी माणसं अंगावर येतात, "येतंय म्हण!" तिन्हीसांजेला सापाचं नाव घ्यायचं नाही, जनावर म्हणायचं. ज्या मुलखात फुटलेल्या बांगडीलासुद्धा वाढली म्हणतात, तिथे एखाद्या बाईला कसं सांगायचं, की तुझा नवरा आंधळा झाला?

ही सबब नाही. सबब सांगायचाही आता कंटाळा आला आहे. जे झालं ते सांगतो.

आमच्या शेजारच्या घरातला माणूस आगबोटीवर आगवाला होता, म्हणजे बॉयलरजवळचा खलाशी. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याच्या बायकोला मी वयनी म्हणायचो. ती सातवीची फायनल पास झालेली. त्या काळात आमच्या वाडीत एवढी शिकलेली दुसरी बाई नव्हती. अक्षर तर असं, की माझ्या नववीतल्या एकाही मुलाचं तसं नव्हतं. घरात सासू आणि दोन लहान मुलं. नवरा दीड-दोन वर्षांनी घरी यायचा, महिनाभर राहायचा आणि परत जायचा.

साठ-एकसष्टची गोष्ट असेल. तालुक्यातल्या मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका हव्या होत्या, फायनल पास चालणार होती. मीच कचेरीतून अर्ज आणला आणि तिला दिला. तिने तो पदराला हात पुसून घेतला. दोनदा वाचला. म्हणाली, "माका घेतीत?" मी म्हटलं, तुला नाही घेणार तर कोणाला घेणार? आठ दिवसांनी बघितलं तर तिने वर स्वतःचं नाव, गाव, वय लिहून ठेवलं होतं. खालचं राहिलं होतं. नवऱ्याला कळवून मग भरते म्हणाली.

तेवढ्यात आगबोट कंपनीकडून अपघाताची बातमी आली. बोटीवर वाफेची नळी फुटली होती आणि त्याचा चेहरा आणि डोळे भाजले होते. बोट त्याला इंग्लंडातल्या एका बंदरावर उतरवून पुढे निघून गेली होती. इस्पितळात मराठी कळणारं कोणीच नव्हतं. म्हणून त्याने तिथल्या डॉक्टरला घरचा पत्ता सांगितला आणि डॉक्टरने पत्र लिहिलं, इंग्रजीत.

पत्र आलं त्या दिवशी मी घरीच होतो. दिवाळी होऊन गेली होती आणि पावसाने उखणलेलं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, नव्याने करायचं काम घरोघर चाललं होतं. वयनी अंगणात तांबडी माती चोपत बसली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत मातीने माखलेले. सासू दारात बसून होती. वयनीने मला हाक मारली. लखोटा पायरीवर होता. "माझे हात बरबटलेत, तुमीच उघडा," म्हणाली.

मी उभ्यानेच वाचलं. टाइप केलेलं एक पान. पहिल्या परिच्छेदात अपघात, जखमा भरत आहेत, रोगी धीराचा आहे, वगैरे. दुसऱ्या परिच्छेदाची सुरुवात अशी होती, की आपल्याशी फ्रँक असणंच बरं, असं मला वाटतं. उजवा डोळा गेला आहे. डाव्याने उजेड आणि अंधार एवढंच कळेल. नजर परत येणार नाही. तीन-चार महिन्यांत त्याला घरी पाठवू. आणि मग हे वाक्य: आताच कळवतो ते अशासाठी, की तो पोचेपर्यंत घराला पुढची तजवीज करायला वेळ मिळावा.

त्या माणसाने आमचा समुद्र पाहिला नव्हता, आमची वाडी पाहिली नव्हती. तरी त्याला कळलं होतं, की या घराला वेळ हवा.

"काय लिवलेला आसा?" वयनीने विचारलं. सासू दाराची चौकट धरून उठत होती. "डोळे बरे होतले मां?" म्हातारी म्हणाली.

मी पहिला परिच्छेद मालवणीत सांगितला. दुसऱ्याच्या जागी म्हणालो, "डोळ्यांक पट्टी आसा. दिस लागतले, पन बरा होतला. तीन-चार म्हयन्यांनी घराक येतलो."

म्हातारीने देवाला हात जोडले. वयनी तशीच मातीच्या हातांनी रडली आणि हसली. मग परत चोपणं उचलून खळं चोपायला लागली. मला चहा झाला. मी तो प्यायलो.

तेव्हा मनात काय होतं, ते स्पष्ट आठवतं. म्हातारीसमोर नको. उद्या वयनीला एकटीला गाठून सांगू. दुसऱ्या दिवशी शाळेतून परत आलो तो पायाचे तुकडे पडले होते, म्हटलं, परवा. परवा सहामाहीचे पेपर तपासायला आले. असं म्हणता म्हणता आठवडा गेला. जितके दिवस जावेत तितकं सांगणं जड होत गेलं. पहिल्या दिवशी एक वाईट बातमी सांगायची होती. आठव्या दिवशी ती बातमी आणि वर मी खोटं बोललो होतो हे, असं दोन्ही सांगायचं होतं. मग मी मूग गिळून बसलो.

डॉक्टरला उत्तर लिहायला तिने मला सांगितलं. उपकार मानायला सांगितले. मी सुंदर इंग्रजीत उपकार मानले आणि शेवटी लिहिलं, की आपण कळवलेलं सगळं मी घरच्यांच्या कानावर घातलं आहे. वहीतल्या चुकांवर तांबड्या शाईने रेघोट्या ओढणारा माणूस मी. हे वाक्य लिहिताना पेन जराही अडखळलं नाही.

अर्जाची मुदत संपायला चार दिवस उरले तेव्हा ती अर्ज परत घेऊन आली. घडी न मोडता तो माझ्या हातात दिला.

"ह्यो तुमच्याकडेच ऱ्हवांदे," ती म्हणाली. "ते येतले तेव्हा तेंका बघूक घरात कोन होया. आनि बरे झाले की परत बोटीर जातले. मगे माका नोकरी कित्याक?"

ती उभी होती आणि मी कागद हातात धरून होतो. तोंड उघडायची वेळ होती ती हीच. यापेक्षा सोपी वेळ देवाने कुणाला दिली नसेल. मी म्हणालो, "बघ, तुझी मर्जी." आणि अर्ज टेबलाच्या खणात टाकला.

मनाची समजूत घालायला मी पटाईत. म्हटलं, कदाचित डॉक्टरचं चुकलं असेल. कदाचित मुंबईला एखादा मोठा डॉक्टर काही करील. कदाचित. त्या चार महिन्यांत मी हा शब्द जेवढा वापरला तेवढा आयुष्यात वापरला नसेल.

शिमग्याच्या आधी तो आला. आगबोट तेव्हा मालवण बंदराच्या आत येत नसे. बाहेर उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला यायची. वयनी नवं लुगडं नेसून आली होती, दोन्ही मुलांना न्हाऊ-माखू घालून आणलं होतं. मीही गेलो होतो. न जाऊन कसं चालेल? पडाव टेकला. लोक उडी मारून उतरत होते. तो मात्र बसून राहिला. मग एका ओळखीच्या खलाशाने त्याला खांद्याला धरून उभं केलं, त्याचा पाय पाण्यात ठेवला, मग दुसरा पाय. तो किनाऱ्याकडे तोंड करून हसला. आम्ही होतो तिकडे नाही, जरा डावीकडे, जिथे नुसती जाळी वाळत घातली होती.

वयनीने हाक मारली नाही. मुलांचे हात सोडून ती पाण्यात गेली, गुडघ्यापर्यंत, लुगडं भिजलं तरी थांबली नाही. त्याचा हात तिने त्या खलाशाच्या हातातून काढून आपल्या हातात घेतला. येताना ती माझ्याजवळून गेली. माझ्याकडे बघितलं नाही.

पंधरा दिवस ती बोलली नाही. मी कचेरीत जाऊन चौकशी केली. जागा भरल्या होत्या. आमच्या बाजूची जागा मसुऱ्याच्या एका बाईला मिळाली होती. पुढची भरती दोन वर्षांनी, आणि तोवर वयनीचं वय अटीच्या पलीकडे जाणार होतं. कारकून ओळखीचा होता. म्हणाला, "तेव्हा का नाही भरला अर्ज, मास्तर?" मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो.

मग एका दुपारी मधल्या सुट्टीत ती शाळेच्या फाटकाशी आली. तिने काथ्या कुटायला सुरुवात केली होती. नारळाच्या कुजवलेल्या सोडणांचा वास तिच्या हातांना येत होता. पुढे कित्येक वर्षं तो तसाच येत राहिला. ती म्हणाली, "जागा आसा काय अजून, इतक्या इचारूक इलंय."

मी सांगितलं. सगळं सांगितलं, वयाच्या अटीसकट. या वेळी काही गाळलं नाही.

तिने फाटकाचा गज धरला. मग शांतपणे म्हणाली, "डाक्टरान सगळा लिवलेला, असा ह्ये सांगतत. तजवीज करा म्हनान लिवलेला."

"म्हातारीसमोर कसं सांगणार होतो, वयनी?" मी म्हणालो. म्हणताना माझी मलाच लाज वाटली.

"सासू घरात ऱ्हवता. मी रोज तुमच्या बावीर पानी भरूक येतंय मां?"

आत वर्गात पोरं गोंधळ घालत होती. ती चिडलेली नव्हती, हेच मला सहन होत नव्हतं. चिडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. ती दमलेली दिसत होती, आणि एखाद्या मठ्ठ मुलाला गणित समजवावं तसं तिने मला समजावून सांगितलं.

"तेंचे डोळे तुमी घेवक नाय, मास्तरानू. पन नोकरी माझी तुमी घेतलात. माका सांगला असतात, तर दोन दिस रडलंय असतंय. तिसऱ्या दिसा अर्ज भरलो असतो."