गंजीवरचं बॅनर

दारात कुणीही आलं की अक्का हातातलं सूप त्याच्याकडं सरकवायच्या आणि म्हणायच्या, "बस की. रेल चुकतीय का तुझी?" आमच्या जळकोटला रेल्वे नाही. तरी आलेला माणूस बसायचा, सुपातल्या शेंगा फोडायला लागायचा, आणि ज्या कामाला आला ते राहून मनातलंच काहीतरी बोलून जायचा. तुमच्याही गल्लीत असं एखादं दार असेल.

आमचं घर त्यांच्या भिंतीला लागून. वडील दुसऱ्यांची जनावरं राखायचे, आई खुरपायला जायची. मी कॉलेजला जायला लागलो तेव्हा माझ्याकडं एकच बरा शर्ट होता. संध्याकाळी धुवायचा, सकाळी घालायचा. झडीच्या दिवसांत तो वाळायचा नाही. मग अक्का तो आपल्या चुलीवरच्या दोरीला टाकायच्या आणि सकाळी तांब्यात विस्तव घालून इस्त्री करून द्यायच्या. वर्गात माझ्या अंगाला धुराचा वास यायचा. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. निकाल लागला तेव्हा सगळ्यांनी कोणता क्लास मिळाला ते विचारलं. अक्कांनी विचारलं, "आता दुसरा शर्ट घेशील का न्हाय?"

पुढं मला लोहाऱ्याला सरकारी कचेरीत नोकरी लागली. घर मात्र जळकोटलाच, अक्कांच्या शेजारी बांधलं. मुलगी झाली, रेणू. तिला दहावीत चांगले मार्क पडले आणि मी स्टँडसमोर तिचं बॅनर लावलं. आमच्याकडं वाढदिवसाचं बॅनर लागतं, निवडणुकीचं लागतं, मग माझ्या लेकीचं का नको? फोटो द्यायला ती तयार नव्हती, तर मी शाळेच्या ओळखपत्रावरचा काढून दिला. खाली सोनेरी अक्षरांत 'भावी डॉक्टर'. छापणाऱ्यानं विचारलं, अक्षर केवढं ठेवू? म्हटलं, नावापेक्षा मोठं ठेव. रोज सकाळी कामावर जाताना मी तिथं गाडी हळू करायचो.

रेणूला डॉक्टर व्हायचंय का, हे मी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं, हेच मला माहीत नव्हतं. मला कुठं कुणी विचारलं होतं?

अकरावीपासून ती एसटीनं नळदुर्गला कॉलेजला आणि क्लासला जायला लागली. बस त्या बॅनरसमोरच थांबायची. हॉटेलातली माणसं गमतीनं म्हणायची, "डॉक्टरीणबाई, आमची बीपी कधी बघणार?" त्यांचंही चुकलं नाही, लिहिलं मीच होतं. हळूहळू पोरीचं जेवण कमी झालं. कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. परीक्षेच्या सकाळी उलट्या. तिची आई म्हणायची, हिला कुठंतरी दाखवू या. मी म्हणायचो, अभ्यास टाळायची नाटकं आहेत. आणि मग शर्टाची गोष्ट सांगायचो. एकच शर्ट, ओला शर्ट, धुराचा वास. "तुला काय कमी हाय?" हे तिला मी किती वेळा म्हणालो असेन.

फाल्गुनात आभाळ भरून आलं होतं. रविवारी मी अंगणात गाडी पुसत होतो. अक्का आल्या आणि म्हणाल्या, ते स्टँडवरचं बॅनर काढून दे, कडब्याची गंज झाकायची आहे. मी म्हटलं, नवी ताडपत्री आणून देतो.

"मला तेच पाहिजे."

"अक्का, अजून चांगलं हाय ते. ऱ्हाऊ द्या की."

अक्का पायरीवर टेकल्या. त्या दिवशी सूप नव्हतं, म्हणून लुगड्याच्या पदराशीच चाळा करत बसल्या.

"बस," म्हणाल्या. रेल्वेचं काही बोलल्या नाहीत.

मी बसलो. मग त्यांनी सांगितलं. रेणू रोज मागच्या ओढ्यानं त्यांच्या गंजीपाशी येते. गंजीच्या आड बसते. बस गेल्याचा आवाज आला की उठते आणि हायवेला पुढं जाऊन जीप धरते. पोटात कळ येते म्हणते. काल मात्र वेगळंच म्हणाली.

"म्हणली, अक्का, ते बॅनर हाय तवर मला जगू वाटत न्हाय."

मी एवढंच विचारलं, मला का नाही सांगितलं तिनं?

"तू शर्टाचं सांगतूस की," अक्का म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, "तुजा शर्ट म्या वाळवला. म्या सांगत फिरले का कुनाला?"

मी तसाच उठलो. भर बाजाराच्या वेळी शिडी लावून बॅनर उतरवलं. हॉटेलातून कुणीतरी विचारलं, काय साहेब, डॉक्टरकी रद्द? मी म्हटलं, अक्कांच्या गंजीला पाहिजे. खरं सांगायची हिंमत तेव्हाही झाली नाही.

अक्कांनी ते गंजीवर उलटं टाकलं, चेहरा आत, पांढरी बाजू वर. रेणूला लाडानं हाक मारली, "यव्वा, दगड दे गं." रेणूनं कोपऱ्यांवर एकेक दगड ठेवला. शेवटचा ठेवताना तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

दोन दिवसांनी आम्ही तिला धाराशिवला मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. लोक काय म्हणतील, याची मला तेव्हाही भीती होती. अक्का न बोलावता बरोबर आल्या. एसटीत जो विचारेल त्याला म्हणायच्या, "माजं गुडगं दाखवायला चाललाव." गुडघे दुखत होतेच, पण दवाखान्यात ते कुणाला दाखवले नाहीत. परत येताना रेणू त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती.

घरी आल्यावर अक्कांनी माझ्यापुढं सूप सरकवलं. "लेकरापाशी बसत जा. शेंगा फोड. इचारू नको काय." मी बसायचो. अभ्यासाचं विचारायला जीभ वळवळायची, तेव्हा एक शेंग तोंडात टाकायचो. बरेच दिवस आमच्यात टरफलांचाच आवाज होता. एका संध्याकाळी रेणू आपण होऊन म्हणाली, "पप्पा, मला ती डॉक्टरकीची परीक्षा नाही द्यायची." मी म्हटलं, बरं. तो एक शब्द काढणं मला किती जड गेलं, ते तिला कळलं असणार. तिनं आणखी मूठभर शेंगा माझ्यापुढं सरकवल्या.

मागच्या श्रावणात अक्का गेल्या. त्यांचा मुलगा सोलापूरला असतो. त्यानं जनावरं विकली, गंज मोडली आणि बॅनरची गुंडाळी माझ्या अंगणात आणून टाकली, तुमचं आहे म्हणून. उलगडून बघितलं. सोनेरी अक्षरं कडब्यानं घासून गेली होती. फोटोत एक वेणी तेवढी उरली होती. रेणू बघून हसली आणि म्हणाली, "अक्कांनी चांगलं वापरलं."

त्यांच्या पायरीवर आता कुणी बसत नाही. सूप मी मागून घेतलं. शर्टाची गोष्ट घरात सांगायची बंद केली. इथं सांगितली, कारण ती खरी त्यांची होती.

रेणू डॉक्टर होणार नाही. धाराशिवला बी.एस्सी. करते. भूक लागली की जेवते. शनिवारी येते तेव्हा स्टँडवर उतरते आणि मागच्या ओढ्यानं न जाता पुढच्या रस्त्यानं घरी येते.