वत्सलाताईंचं हॉटस्पॉट

मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलाय. चमत्काराच्या गोष्टी कोणी सांगितल्या की मी हसून विषय बदलायची. पण हे माझ्याच बाबतीत घडलं... म्हणून लिहिते.

आम्ही सुरतला राहतो, बमरोलीत, मिलच्या मागच्या चाळीत. घरात एकच स्मार्टफोन, तो नवरा कामावर घेऊन जातो. माझ्याकडे साधा बटणांचा फोन आणि जुना लॅपटॉप. नेट शेजारच्या वत्सलाताईंचं. मूळच्या धुळ्याकडच्या, शिक्षण दुसरी, पण हॉटस्पॉट चालू करायला स्वतः शिकल्या. चाळीतल्या कितीतरी पोरींचे फॉर्म त्यांच्या डेटावर भरले गेलेत. कंटाळा नाही, उपकाराची भाषा नाही.

मुलगी झाल्यावर माझी नोकरी सुटली, त्याला चार वर्षं झाली. एका शाळेने ऑनलाइन इंटरव्ह्यूला बोलावलं – सकाळी अकराची वेळ. ताईंना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. साडेदहाला बघते तर त्यांच्या दाराला कुलूप! समोरच्या काकी म्हणाल्या, बहीण आजारी पडली, पहाटेच्या गाडीने नंदुरबारला गेल्या. तरी अकराला लॅपटॉप उघडला... आणि तो आपोआप जोडला गेला. नाव तेच, ‘वत्सला’. वाटलं, गडबडीत फोन घरीच राहिला असेल.

चाळीस मिनिटं इंटरव्ह्यू झाला. एकदाही चित्र अडकलं नाही.

संपल्यावर सहज त्यांचा नंबर लावला. ताईंनीच उचलला – नंदुरबारहून, त्याच फोनवर. मी काही विचारायच्या आधी त्याच म्हणाल्या, अकराला तुझी आठवण झाली, म्हणून हॉटस्पॉट चालू करून फोन पिशवीत ठेवला. फोन चांगलाच तापला होता म्हणे.

चौथ्या दिवशी त्या परतल्यावर मी त्यांचा फोन बघितला. दिवसाचा डेटा संपल्याचा मेसेज होता, त्याच दिवशीचा, पावणेबाराचा. माझा दीर मोबाईल रिपेअर करतो. तो म्हणाला, हॉटस्पॉट दोन खोल्यांपलीकडे जात नाही, नंदुरबारला कोणीतरी वापरलं असेल. पण पासवर्ड चाळीबाहेर कोणाला माहीत नव्हता. आणि मग माझा लॅपटॉप कशाशी जोडला गेला होता?

नोकरी मला मिळाली. पेढे घेऊन गेले तेव्हा ताईंना विचारलंच, हे झालं कसं? त्या भाकरी थापत होत्या. मान वर न करता अहिराणीत म्हणाल्या, “मी चालू कयं, तुले भेटनं. आखो काय जोयजे?” म्हणजे, आणखी काय पाहिजे?

माझ्या डिप्लोम्यात याचं उत्तर नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर सांगा.