जाणाऱ्यामागे रडू नये

निरंजन गिऱ्हेपुंजे हिंदी मुलखातल्या पंडरीच्या कापडबाजारात सोळा वर्षं कापड फाडतो आहे. कात्रीनं कडेला एक खाच, मग दोन्ही हातांनी टर्रकन. त्याच्या आयुष्यात मोठा आवाज तो एवढाच. दुकानात मालक बोलतो, गुढियारीतल्या घरी आई बोलते. निरंजन मान हलवून ‘हव’ म्हणतो.

बायको स्नेहलला सरकारी नर्सची नोकरी लागली, ती थेट जगदलपूरला. साऱ्या पाऱ्यानं, म्हणजे मोहल्ल्यानं, पेढे खाल्ले. महिन्यातून दोनदा ती शनिवारी येते आणि रविवारी दुपारच्या बसनं जाते. त्या वेळी सात वर्षांच्या अनुश्रीनं रडायचं नाही, असा आजीचा, म्हणजे विनोदिनीबाईंचा, कायदा. जाणाऱ्यामागे रडणं अपशकुन. आई गेल्यावर रडावं, तर “आता कोणाले दाखवून राहिली?” एकंदरीत रडायला मुहूर्तच नाही. पोट्टी रडत नाही म्हणून सगळे तिला शहाणी म्हणतात. सातव्या वर्षीच शहाणपण आलं की घरच्यांची केवढी सोय होते!

शाळाही मागे नव्हती. वर्गात भावनांचा तक्ता होता. रोज सकाळी आपल्या नावापुढे हसरा, रडका किंवा रागीट चेहरा चिकटवायचा. टाळ्या फक्त हसऱ्याला. अनुश्रीनं चोवीस दिवस हसरा चिकटवला आणि पंचविसाव्या दिवशी शेजारच्या मुलीची चित्रकलेची वही फाडली. निरंजनला बोलावणं आलं. “बच्ची को मन खोलने दीजिए,” मॅडम म्हणाल्या, आणि मन नीट खुलावं म्हणून तिला तीन दिवस वेगळ्या बाकावर एकटं बसवलं.

त्या संध्याकाळी निरंजननं दुकानातून चिंध्यांची पिशवी आणली. विचारलं काहीच नाही. गिऱ्हाइकाला ‘काय पाहिजे’ विचारलं की ते ‘बस देख रहे हैं’ म्हणतं, एवढं मानसशास्त्र त्याला पंडरीनं शिकवलं होतं. पॉपलिनच्या तुकड्याला खाच मारून त्यानं तो तिच्या हाती दिला.

“धर अन् ओढ. कोणाची वही नको, हे फाड.”

बापलेक फाडत बसले. पाचव्या तुकड्याला ती म्हणाली, “मम्मी हर बार चली जाती है. मुझे गुस्सा आता है.”

“येऊ दे. मले बी येते.”

“आपको? किस पे?”

“सरकारवर. पण त्याले सांगता येत नाही. तू मम्मीले सांग.”

“आजी बोलेगी, अपशकुन.”

“आजीले मी पाहतो,” निरंजन म्हणाला आणि स्वतःच दचकला.

रविवार आला. स्नेहलची बॅग दारात, हातावर सासूबाईंनी दिलेलं दही.

“मम्मी, मैं तुमसे गुस्सा हूँ,” अनुश्री म्हणाली, आणि कित्येक महिन्यांचं साठलेलं रडू एकदम बाहेर आलं.

“अवं, जातानी काहून रडून राहिली!” विनोदिनीबाई ओरडल्या.

“रडू दे तिले, आई!” निरंजन इतक्या मोठ्यानं बोलला की शेजारणीनं गॅस बंद करून कान दिला.

स्नेहल उंबऱ्यावरच बसली, म्हणजे दुसरा अपशकुन, आणि लेकीला मांडीवर ओढून घेतलं. “मले वाटे, तुले माझ्या जाण्याचं काही वाटतच नाही. मी तं बसमध्ये धमतरीपर्यंत रडत जाते.”

बस अर्थातच गेली. पुढची चारला होती. विनोदिनीबाई पुन्हा दही आणायला आत वळल्या.

“अगली बार भी रोऊँ?” अनुश्रीनं नाक पुसत विचारलं.

“रड ना,” स्नेहल म्हणाली. “पण बॅग भरायच्या आधी सुरू कर, मंग बस नाही सुटत.”