बस थांबली तरी

माझी धाकटी बहीण सात वर्षांची असताना शाळेच्या बसमध्ये कपडे ओले करू लागली. शाळा दुबईत, घर शारजात. दुपारी ट्रॅफिकमध्ये अडकलो की दीड-दीड तास जायचा, आणि मध्ये कुठेही थांबायचं नाही असा शाळेचा नियम. मुलं नाक दाबून तिच्या बाजूची सीट सोडायची. मी त्याच बसमध्ये मागे बसायचे. पंधरा वर्षांची होते आणि अन्याय मला लांबून ओळखता यायचा.

हे मला पत्रकांनी शिकवलं. बाबा मुंबईत कामगार संघटनेत होते. शारजात एका कंत्राटदाराचं गोदाम सांभाळायला आले तेव्हा जुन्या पत्रकांचं बाड बॅगेच्या तळाशी घालून आणलं. माझ्या शाळेत मराठी नव्हतं, म्हणून मी त्यांच्यावरच वाचायला शिकले. त्यांत जे वाईट घडायचं त्याला कुणीतरी जबाबदार असायचं, आणि तो वरच्या खुर्चीत बसलेला असायचा.

मी बसच्या नियमाविरुद्ध पत्रक लिहिलं. इंग्रजीत, पण ढंग तोच. बाबांनी वाचलं, खूश झाले आणि मग घाबरले.

“हे वाटत सुटलीस तर परवा आपण चौघं परतीच्या विमानात,” ते म्हणाले. “इथे पत्रक नसतं, बाळा. इथे अर्ज असतो.”

त्यांनी प्रत्येक ‘डिमांड’ खोडून ‘रिक्वेस्ट’ केलं, उद्गारचिन्हं काढली आणि माझ्याबरोबर बिल्डिंगभर सह्या घेत फिरले. शाळेने ऐकलं. बस रोज एका पेट्रोल पंपावर दहा मिनिटं थांबू लागली. आम्ही जिंकलो होतो.

बहीण पंपावर उतरायची, जाऊन यायची आणि पंधरा मिनिटांत सीट ओली.

एकदा मी तिला लिफ्टमध्ये धरलं. “आता थांबते ना बस? मग?”

“आय डिडन्ट नो, ताई.”

“कळलं नाही म्हणजे? सू झालेली कळत नाही होय कुणाला?”

ती मजल्यांचे आकडे बदलताना बघत राहिली. मी घरी जाहीर केलं की त्या नियमाने पोरीच्या मनात भीती बसली आहे, निघायला वेळ लागेल. शाळेला दुसरा अर्ज लिहिला. माझं म्हणणं इतकं पटण्यासारखं होतं की आठ महिने घरात कुणी दुसरं काही शोधलंच नाही. तिचा एक पाय थोडा ओढत होता. आई म्हणायची, बूट घट्ट झाले असतील.

मे महिन्यात ती पार्किंगमध्ये अनवाणी खेळून वर आली. दुपारची वेळ, खालच्या डांबरावर आम्ही चपला घालूनही भराभर चालायचो. तिच्या डाव्या तळव्याला लिंबाएवढा फोड होता आणि ती टीव्ही बघत बसली होती.

क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंनी फोड पाहिला, मग तिला पालथं केलं. कमरेखाली मणक्यावर केसांचा पुंजका होता, जन्मापासूनचा. आई त्याला लव म्हणायची आणि जाईल म्हणून आंघोळीच्या वेळी डाळीचं पीठ चोळायची. डॉक्टरांनी त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “लघवी झालेली हिला कळते का?”

आईने माझ्याकडे पाहिलं.

एमआरआय झाला. मेंदू-मणक्याच्या सर्जनने कागदावर पाठ काढून दाखवली. मज्जारज्जूचं टोक खाली चरबीत अडकलं होतं. मूल उंच होत जातं, रज्जू मात्र तिथेच धरून ठेवलेला, मग तो ताणला जातो आणि एकेक काम सोडत जातो. ऑपरेशन करून मोकळा करायचा. आहे ते त्याने टिकेल. गेलेलं परत येईल का, ते किती उशीर झालाय त्यावर. कधीपासून आहे, हे त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा आईने अंदाजाने सांगितलं. मला नेमकं माहीत होतं, दोन्ही अर्जांवर तारखा होत्या.

ऑपरेशन पाच तास चाललं. बाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मी बाबांना म्हटलं, “माझ्यामुळे उशीर झाला.”

“सह्या घ्यायला मी होतो बरोबर. रोज आंघोळ आई घालत होती,” बाबा म्हणाले. “तू एकटी कशाला सगळं अंगावर घेतेस? आता यावर तरी पत्रक काढू नकोस.” आणि ते चहा आणायला गेले. इतका थकलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

नंतरचे काही दिवस तिला सपाट झोपवून ठेवलं, टाक्यांतून पाठीतलं पाणी झिरपू नये म्हणून. आई आणि मी पाळीपाळीने खुर्चीत बसायचो. करायला काही नव्हतं. कुणाविरुद्ध लिहावं असंही कुणी नव्हतं. एका सकाळी लघवीची नळी काढली. आता आपणहून होते का आणि झालेली कळते का, एवढंच बघायचं होतं. पाण्याच्या आवाजाने व्हावी म्हणून केरळची नर्स बेसिनचा नळ सोडून उभी राहिली. “यल्ला मोले, हो जाएगा.” यल्ला म्हणजे अरबीत चल, मोले म्हणजे मल्याळीत पोरी. चाळीस मिनिटांनी झाली.

“कळलं?” आई पुटपुटली.

बहिणीने बराच विचार केला. “अ लिटल,” ती म्हणाली. “लाइक समवन कॉलिंग फ्रॉम द अदर रूम.”

आई रडली. नर्सने पोटावर मशीन लावून मोजलं, तर निम्म्याहून जास्त आत उरली होती. डॉक्टर म्हणाले, हेही चांगलंच आहे. पण दिवसातून चार वेळा बारीक नळी घालून काढावी लागेल, किती वर्षं ते आत्ता सांगता येणार नाही. पाय आहे तसा राहील.

दुपारी आई घरी गेली आणि आम्ही दोघीच उरलो.

“तू मला सांगितलं होतंस,” मी म्हटलं, “कळत नाही म्हणून. मी ऐकलं नाही.”

“विच टाइम?” तिने विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

मी लिफ्टमधलं सांगितलं. तिने मान हलवली. ते तिला आठवत नव्हतं. तिने दुसरे तीन सांगितले, जे मला आठवत नव्हते. एवढ्यात नर्स नळीचं पाकीट घेऊन आली. आज आम्हाला शिकवायचं होतं. मी बहिणीचा हात धरायला वाकले.

“नो, ताई,” ती म्हणाली. “आधी हात धू. साबणाने.”

मी बेसिनकडे गेले.