लव्हाळ्याची रेघ

मुंबईचा किनारा, हवा, पाणी आणि इथली यच्चयावत जीवसृष्टी यांचं भवितव्य दादरला एका साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ठरत असे. निदान आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकात तसं छापलेलं होतं. प्रत्यक्षात त्या मजल्यावर आम्ही सात जण, एक झेरॉक्स मशीन आणि जुन्या अहवालांची कपाटं होती. कुणाला टॉवर किंवा गोदाम बांधायचं असलं, की त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आम्ही इंग्रजीत लिहून द्यायचो. परिणाम बहुधा नगण्य असायचा. नसला तर आम्ही तो तसा करून द्यायचो.

या कारखान्यात जमिनीशी खरा संबंध असलेला एकच माणूस होता. आम्ही त्यांना काका म्हणायचो. कुठल्याही जागेवर गेलं की काका आधी चपला काढून उकिडवे बसायचे, पोराच्या कपाळाचा ताप बघावा तसा जमिनीवर तळवा ठेवायचे आणि विचारायचे, "पाणी खंय जातला?" पाणी कुठे जाणार, हा प्रश्न ते नेमका कुणाला विचारतात ते कळायचं नाही. बिल्डरचा माणूस आमच्याकडे बघायचा, आम्ही नकाशाकडे. काका जमिनीकडे बघत बसायचे, जणू उत्तर तिनेच द्यायचं आहे.

त्यांची सगळी नोकरी एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या लॅबमध्ये गेली होती. मुलांना चाकू आणि काचपट्ट्या द्यायच्या, तास संपला की मोजून परत घ्यायच्या. तीस-पस्तीस वर्षं प्राध्यापकांच्या मागे उभं राहून त्यांनी जे ऐकलं ते प्राध्यापक विसरले, काका विसरले नाहीत. पदवी मात्र नव्हती. त्यामुळे त्यांनी केलेल्या झाडांच्या यादीवर परगावच्या एका डॉक्टरेट तज्ज्ञांची सही असायची. तज्ज्ञांनी काकांना कधी पाहिलं नव्हतं आणि आमच्या झाडांनी तज्ज्ञांना.

काका करी रोडला राहायचे. त्यांची चाळ पाडून टॉवर झाला होता आणि ते एकोणिसाव्या मजल्यावर गेले होते. घर कसं आहे विचारलं तर म्हणायचे, "बरं आहे. पण वरून झाड ओळखूक येत नाय. सगळी कोथिंबीर दिसते."

आमचे अहवाल कसे तयार व्हायचे ते तुम्हाला ठाऊक नसलं तरी अंदाज असेल. तुमच्याही ऑफिसात जुनी फाइल उघडून नाव बदलून नवी फाइल होतच असेल. परळच्या एका टॉवरच्या अहवालात एकदा ‘परिसरात बिबट्याचा अधूनमधून वावर’ असं वाक्य राहून गेलं. ते कुठल्यातरी डोंगरावरच्या रिसॉर्टमधून आलं होतं आणि पाच जणांच्या नजरेखालून गेलं होतं. त्यांतला एक मी. कच्च्या प्रतीत बिबट्याचं लॅटिन नाव बघून काका हळूच माझ्या टेबलापाशी आले. "काय रे, हा बिबट्या भाड्याने राहतो की मालकीच्या जागेत?"

"काढतो, काका."

"काढू नको. कमिटीत कोणी वाचतो काय बघूया."

मी काढलं. काकांना वाईट वाटलं.

आता डेपोचं सांगतो. वडाळ्याच्या बाजूला, मिठागरांच्या अलीकडे, लष्कराचा एक रसद डेपो आहे. डाळ, तांदूळ, पीठ, तेलाचे डबे तिथे साठतात आणि कुठेकुठे जातात. तिथे दोन नवी गोदामं बांधायची होती आणि त्यांच्या पर्यावरणीय तपासणीचं काम आम्हाला मिळालं. आमच्या साहेबांनी त्या दिवशी पेढे वाटले. देशाच्या संरक्षणात आपला खारीचा वाटा, असं ते म्हणाले. खार तिथल्या प्राण्यांच्या यादीत पुढे खरोखरच निघाली.

फाटकावर मोबाइल काढून घेतले. कॅमेरा नाही, टेप नाही, कागद-पेन्सिल चालेल. आम्ही बावरलो. काकांना काहीच फरक पडला नाही, त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतंच. सोबत एक तरुण जवान दिला होता. आम्ही काय बघतो हे बघणं हे त्याचं काम.

एप्रिल संपत आला होता. सगळं गवत वाळून पिवळं पडलेलं. दोन नंबरच्या गोदामाच्या खुंट्या ठोकलेल्या जागेवर काका थांबले. त्या पिवळ्या जमिनीवरून हातभर रुंदीची एक हिरवी रेघ तिरपी गेली होती. मागच्या भिंतीपासून निघून थेट खाडीकडच्या भिंतीपर्यंत. लव्हाळा. काका उकिडवे बसले, तळवा ठेवला आणि मग त्या रेघेवरून चालू लागले.

"उधर नहीं जाना, सर," जवान म्हणाला.

"मैं नहीं जाता रे बाबा," काका म्हणाले, "पानी जाता है."

खाली झाकलेला जुना नाला होता. दगडी असावा. डेपोच्या नकाशात तो नव्हता. बहुधा डेपोच्याही आधीचा.

बाहेर पडल्यावर काका घरी गेले नाहीत. भिंतीला वळसा घालून मागच्या बाजूला गेले, मी त्यांच्या मागे. रेघ जिथून सुरू होत होती, त्याच्या बरोबर पलीकडे एक बैठी चाळ होती. टोकाच्या खोलीत एक मावशी पापड वाळवत होत्या. त्यांचा पलंग चार विटांवर चढवलेला होता. काकांनी पाण्याचं विचारलं.

"ह्या जाळीतून जातं," मावशी म्हणाल्या. "पावसात सगळ्या चाळीचं पाणी इथून मिलिटरीत जातं. आत त्याचं काय करतात आम्हाला माहीत नाय."

"आणि जाळी तुंबली तर?"

"एकदा तुंबलेली. सासऱ्यांना टेबलावर बसवलं होतं दोन दिवस. आता टेबल पण नाय आणि सासरे पण." मग आमच्याकडे नीट बघत म्हणाल्या, "का हो? बंद करतायत काय?"

बंदच होणार होतं. गोदामाचा पाया नेमका त्या रेघेवर येत होता. एरवी अशा वेळी लोकांना जनसुनावणीत चार शब्द बोलता येतात, निदान ओरडता येतं. संरक्षण खात्याच्या कामाला जनसुनावणी नसते. म्हणजे त्या चाळीच्या वतीने कुठे काही लिहिलं जाणार असेल तर ते आमच्या अहवालात. काकांनी परत येऊन एक वाक्य लिहिलं. पेन्सिलीने, मराठीत: ‘गोदाम क्रमांक दोनच्या खालून जुना झाकलेला नाला जातो, तो बुजल्यास मागील चाळीत पाणी भरेल.’ इतक्या वर्षांत यादीबाहेरचं त्यांनी लिहिलेलं हे पहिलं वाक्य.

साहेबांनी त्यांना बोलावलं.

"काका, तुमचं काम झाडांचं ना?"

"होय."

"मग हा नाला कुठून आला?"

"लव्हाळ्याखालून."

"नकाशात नाही. नकाशा त्यांनी दिलाय. त्यांच्या जागेत काय आहे हे आपण लष्कराला सांगायचं?"

"मी खंय सांगतंय? गवत सांगता."

साहेब हसले. काका गेल्यावर मला म्हणाले, "झाडांची यादी ठेव. बाकीचं काढ. उगाच नव्याने ड्रेनेजचा अभ्यास मागतील."

मी वाद घातला, असं लिहायला मला आवडलं असतं. मी घातला नाही. पाच वाजता अहवाल द्यायचा होता आणि बाइंडिंगवाला खाली थांबला होता. वाक्य काढलं. लव्हाळा राहिला, एकतिसाव्या क्रमांकावर, ‘सर्वसामान्य तण’ म्हणून.

दुसऱ्या दिवशी काकांनी विचारलं, "घातलंस मा रे माझा वाक्य?"

"घातलं, काका."

"खंय?"

"चौथ्या प्रकरणात."

"चवथ्या," ते म्हणाले आणि मान हलवली. छापलेला अहवाल ते कधी उघडत नसत. त्यात त्यांचं नाव नसायचं, आणि इंग्रजी त्यांना लॅटिनपेक्षा कमी यायचं.

जुलैत लष्कराकडून सुधारित नकाशा आला. दोन नंबरचं गोदाम सहा मीटर पूर्वेला सरकलं होतं. कारण दिलं नव्हतं. साहेबांनी नुसतं नवं पान लावायला सांगितलं. नकाशा माझ्या टेबलावर पसरलेला असताना काका आले. त्यांनी बोट ठेवलं आणि आठवणीनेच ती तिरपी रेघ ओढली. बोट गोदामाला न शिवता बाजूने गेलं. त्यांनी पुन्हा ओढून बघितलं. मग खुर्ची ओढून बसले. ऑफिसात ते कधी बसायचे नाहीत.

"बघ," ते म्हणाले. "मिलिटरीवाले चवथा प्रकरण वाचतत."

"शिस्त असते त्यांच्यात," मी म्हणालो.

ही बातमी त्यांनी मावशींना सांगितली आणि मावशींनी चाळीच्या मंडळाला. गणपतीत काकांचा सत्कार ठरला. बॅनरवर त्यांचा रेशनकार्डावरचा फोटो दाराएवढा केला होता आणि खाली ‘थोर पर्यावरणतज्ज्ञ, वसुंधरेचे सुपुत्र’. प्रमुख पाहुणे एक स्थानिक पुढारी होते. ते पाऊण तास बोलले, त्यात काका दोनदा आले, एकदा चुकीच्या आडनावाने. मग शाल, श्रीफळ, गणपतीची मोठी तसबीर. ती काकांनी एकोणिसाव्या मजल्यावर कशी नेली देव जाणे. आणि मग, मला कल्पना नसताना, ‘अहवालाचे शिल्पकार’ म्हणून माझं नाव पुकारलं. मलाही शाल मिळाली.

काकांना बोला म्हणाले. ते माइकपासून हातभर लांब उभे राहून म्हणाले, "मी काय एक करूक नाय. गवत होता, ता लिवलंय. ह्या झिलान ता इंग्रजीत घातल्यान." टाळ्या पडल्या, त्यातल्या निम्म्या मला. मावशी पहिल्या रांगेत होत्या. खाली उतरल्यावर त्यांनी हातावर मोदक ठेवला आणि म्हणाल्या, "तुमचं इंग्लिश चांगलं आहे हो. त्यांना लगेच समजलं."

मी मोदक खाल्ला.

पुढच्या वर्षी गोदाम उभं राहिलं. पावसात एका दुपारी काकांचा फोन आला. मागे पाण्याचा आणि पोरांचा आवाज. ते चाळीत जाळीपाशी उभे होते. "जाता रे," म्हणाले आणि फोन ठेवला. खरं सांगायचं त्यांना, असं मी त्या वेळी ठरवलं. पाऊस थांबल्यावर सांगू. मग दिवाळीनंतर सांगू. दिवाळीनंतर काकांचे गुडघे गेले, मग ते कुडाळकडे भावाकडे गेले, आणि शिमग्याच्या आसपास तेच गेले. ऑफिसच्या ग्रुपवर पाच जणांनी हात जोडले. सहावा मी. मीही हात जोडले.

त्यांच्या जागी साहेबांनी मोबाइलवरचं एक ॲप घेतलं. पानाचा फोटो काढला की ते झाडाचं नाव सांगतं. फोटो काढता येत नाही अशा जागांसाठी आम्ही काकांची जुनी यादी वापरतो. त्यामुळे त्यांनी कधी न पाहिलेल्या तीन-चार जागांवरही आता एकतिसाव्या क्रमांकावर लव्हाळा आहे.

अटींचं पालन झालं की नाही ते बघायला दर सहा महिन्यांनी डेपोत जावं लागतं. तिथल्या सुभेदारांशी माझी ओळख झाली आहे. मधल्या काळात मलाही अधूनमधून वाटू लागलं होतं, की कदाचित तिथल्या कुणा इंजिनिअर साहेबाने स्वतः चालत जाऊन ती हिरवी रेघ पाहिली असेल. एकतिसावा क्रमांक वाचून विचारात पडला असेल. माणसाला सोयीचं काहीही वाटू शकतं. गेल्या खेपेला चहा पिताना मी सुभेदारांना विचारलंच, की दोन नंबरचं गोदाम तेव्हा का सरकवलं.

त्यांनी बशीतला चहा संपवला. "बड़ी गाड़ी मुड़ती नहीं थी, सर," ते म्हणाले. "इसलिए छह मीटर."

नाल्याचं विचारलं. नाला त्यांना माहीत नव्हता.