गाडीखालची झोळी

गाडी न्हाई! बांधावर गाडी उभी व्हती तिथं नुसतं शेन पडलेलं, आन् गाडी गेली म्हंजी माझं लेकरू गेलं, कारन गाडीच्या खाली सावलीला म्याच त्याची झोळी बांधलती.

त्या दिशी गावची इर्जिक व्हती. शेजारच्या शेतधन्याचा पाय मोडलेला, त्याची जवारी उभीच राहिली, म्हनून घरटी मानसं आपखुशीनं काढनीला आलती. मजुरी न्हाई, दुपारचं जेवन तेवढं धन्याकडचं. हलगी वाजत व्हती, बाप्ये भलरी गात फुडं, आमी बाया मागं पेंढ्या बांधत. हात कमी दुखायचे, हसून हसून पोटच जास्ती. त्या नादात जेवन आनायला गाडी कवा गावाकडं निघाली, मला कळलंच न्हाई.

गाडीवर माझे मामंजी. सासरा मानूस, गाडीखाली वाकून कशाला बघंल?

पळाले. वाटंत ओढा, ओढ्याला गुडघाभर पानी, आन् झोळी जमिनीपासून वीतभर वर. गाडी उतरली की लेकरू पान्यात! गाडी दिसली, उताराला लागत व्हती. हाक मारली की झालं. पर हाक मारू कशी? लगीन झाल्यापासून मामंजींफुडं माझ्या तोंडातून शबुद निघाला न्हवता. सून सासऱ्याशी बोलत न्हाई, आमच्यात रीतच हाय. त्यात आमचे मामंजी असे, की निजामाच्या तहसीलदाराफुडंबी त्यांचा आवाज खाली यायचा न्हाई. तोंडातून निघालं ते "मा... मा..." एवढंच.

मंग काय सुचलं कुनास ठाऊक, म्या बैलांलाच वराडले, "होऽ होऽ! थांबा रं माझ्या राजांनो! होऽ!"

रोज सांजच्याला वैरन मीच टाकायची. बैल जागच्या जागी उभे, फुडचे पाय ओल्या वाळूत. मामंजी शेपट्या पिरगाळतेत, "चल बे! काय झालं बे तुला?" बैल हालंनात. माना वळवून माझ्याकडं बघतेत.

पदर वढला आन् गाडीखाली शिरले. लेकरू पायाचा अंगठा तोंडात घालून खुशाल पडलेलं. मला बघून हसलं. म्या मातुर रडायला लागले.

मामंजी उतरले. लेकराकडं बघितलं, पान्याकडं बघितलं, तोंडाचा रंगच उडाला. पर माझ्याशी बोलायचं तर त्यांलाबी जड. बैलाच्या पाठीवर हात ठिवून त्यालाच म्हनले, "सांग रं तुझ्या मालकिनीला, झोळी बांधली तर गाडीवाल्याला कळवत जा म्हनावं."

मीबी दुसऱ्या बैलाच्या कानाला लागले, "सांग रं, गाडी जुपताना खाली बघत जा म्हनावं."

म्हनले आन् जीभ चावली! मागून इर्जिकीतली मानसं पळत आलती. सगळ्यात फुडं आमच्या सासूबाई. त्या मटकन खाली बसल्या आन् पदरात तोंड घालून हसायला लागल्या. "अगं बया! ह्यांला उलटं बोलायचं मला जन्मात जमलं न्हाई, ते बैलांनी केलं!"

मामंजींच्या मिशा हालल्या. "बैल लई शिकलेत," म्हनले.

तवापासून आमी दोघं बैलांच्या तोंडूनच बोलतो. कोरड्यास खारट झालं तरी मला गोठ्यात कळतं.

आता तुमीच सांगा बायांनो, फुडं ओढा, गाडीवर सासरा, गाडीखाली लेकरू. तुमी काय केलं असतं?