करंजाड्याच्या वाघ्याचे दहा दिवस

कुत्र्याने माझी पोटरी सोडली आणि तो दारात जाऊन बसला. घरातून साठीच्या एक मावशी आल्या. त्यांनी आधी कुत्र्याचे दात तपासले, मग माझा पाय.

"आमचा वाघ्या कोनाला चावत नाय," त्या म्हणाल्या. रक्त मोज्यात उतरत होतं.

करंजाड्यात मित्राचा नवा फ्लॅट बघून मला कर्नाळ्याला जायचं होतं. ते राहिलं. मावशी जखमेवर लावायला तिखट घेऊन आल्या. मी नळाखाली पाय धरला. तिकडे जाणाऱ्यांसाठी: साबण, वाहतं पाणी, पंधरा मिनिटं. तिखट नको.

पनवेलच्या डॉक्टरांनी रेबीजचं एक इंजेक्शन जखमेत दिलं, एक दंडात. दंडातली पाच. कुत्रा दहा दिवस धडधाकट राहिला, तर शेवटची दोन वाचतील, म्हणाले. कुत्रा मेला तर काय, हे मी विचारलं नाही.

तिसरा दिवस. कल्याणहून एसटी, कळंबोलीला अर्धा तास खोळंबा. पनवेलला इंजेक्शन टोचून घेतलं, मग वाघ्याला बघायला करंजाडे, रिक्षाने. वाघ्या बोंबील-भात खात होता. मलाही वाढलं. कालवण उत्तम, आधी त्याला वाढतात.

सातवा दिवस. वाघ्या भाताकडे पाठ करून पडला होता. मावशी माझ्याकडे रोखून बघत होत्या.

"दादा, खरं सांगा. तुमाला काय रोगबिग हाय का?"

चावल्यापासून त्याला माझंच काहीतरी लागलं असावं, असा त्यांचा संशय होता. गुरांचे डॉक्टर स्कूटरवरून आले, आधी फाटकाबाहेरूनच बघत राहिले. मग आत येऊन त्यांनी वाघ्याचं पोट दाबलं आणि तो काय खातो ते विचारलं. माझ्यासमोर तो धडधाकट दिसावा म्हणून मावशी त्याला सकाळपासून चार वेळा वाढत होत्या. अजीर्ण होतं.

दहावा दिवस. वाघ्या माझ्यावर भुंकला. मी समाधानाने ऐकून घेतलं. फोनवर पनवेलचे डॉक्टर म्हणाले, उरलेली दोन नकोत. मावशींना तसं सांगितलं.

"आनि मानसाला किती दिस बघायचं?" त्यांनी विचारलं.

ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. मावशींनी माझा नंबर भिंतीवर कोळशाने लिहून घेतला.

घरी आलो. पोटरीवर चार खुणा राहिल्यात. कर्नाळ्याविषयी मला अजून काही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला मावशींचा फोन आला. मी जेवलो का, विचारत होत्या. बरा आहे म्हटलं. त्यांनी ते वाघ्याला सांगितलं.